घराण्याचा मेळावा आणि वहींतलीं नांवें

(ज्युबिली वर्षानिमित्त भरलेल्या कुटुंबांच्या सभेंत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिली मंडळाच्या चालकांनीं आम्हांस ‘कुटुंब’ ह्या विषयावर चार शब्द बोलण्यास सांगितलें आहे. चार शब्दांत आटोपणारा हा विषय नव्हे, हें चालकांसही ठाऊक आहे. तरी जेवणाची वेळ झाली कीं घंटा वाजवूं, अशी सूचना त्यांनीं आधींच देऊन ठेविली आहे. तेव्हां कुटुंबाचें माहात्म्य, आईबापांचीं कर्तव्यें, लेंकरांचा आज्ञाधारकपणा इत्यादि ज्या गोष्टी तुम्हीं वेदीवरून वर्षानुवर्षें ऐकिल्या आहेत, त्या आज बाजूस ठेवितों. आज आम्ही बोलणार आहों तें आपल्या वसईच्या गांवांत अलीकडे रूढ झालेल्या एका चालीविषयीं, म्हणजे घराण्याच्या मेळाव्याविषयीं.

अलीकडे रूढ झालेली, असें आम्ही मुद्दाम म्हणतों. आमच्या लहानपणीं असा मेळावा कोणीं भरविल्याचें आम्हांस आठवत नाहीं, कारण तो भरविण्याचें कारणच नव्हतें. एका वाडींत चुलत्यांचीं पांच घरें, मध्यें एक विहीर, विहिरीवर रहाट, आणि पलीकडे बावखल. सकाळीं पाणी लावण्याच्या पाळीवरून जें भांडण होई तें सायंकाळीं जपमाळेच्या वेळीं मिटे. कधीं कधीं मिटतही नसे; परंतु भांडणारे एकमेकांच्या दृष्टीआड जात नसत. अबोला धरिलेला काका त्याच पायवाटेनें देवळांत येई आणि त्याच बांकावर बसे. आज त्या पांच घरांतला एक मुलगा कॅनडांत आहे, दुसरा आखातांत, तिसरा मुंबईस, चौथ्यानें स्टेशनाजवळ इमारतींत घर घेतलें. आणि जो पांचवा वाडींत राहिला आहे त्याच्या विहिरीवर पंप बसला असून रहाटाचीं लांकडें कधींच चुलींत गेलीं. माणसें पांगलीं म्हणून मेळावा निघाला. हें वाईट झालें असें आम्ही म्हणत नाहीं. पोटापाण्यासाठीं माणूस जाणारच.

आतां हा मेळावा असतो तरी कसा? मागल्या कांहीं वर्षांत आम्ही अशा पुष्कळ मेळाव्यांस गेलों आहों, तेव्हां थोडें अधिकारानें सांगूं शकतों. पत्रिकेंत वेळ सकाळीं नऊची छापिलेली असते. नऊ वाजतां मांडवांत खुर्च्या मांडणारीं दोन मुलें, आचारी आणि आम्ही एवढेच हजर असतों. आम्ही असतों ह्याचें कारण मिस्सा आम्हांस करावयाची असते. साडेनवांस ध्वनिक्षेपकवाला येतो. दहा वाजतां पहिल्या रिक्षा दिसूं लागतात, आणि मग एकाएकीं मांडव इतका भरतो कीं कोण कोणाचें तें परमेश्वरासच ठाऊक. ह्यावर उपाय म्हणून हल्लीं प्रत्येक शाखेस निरनिराळ्या रंगाची फीत देतात. थोरल्याचा वंश तांबडा, दुसऱ्याचा निळा, तिसऱ्याचा हिरवा. परंतु खरी ओळख पटविते ती पुढच्या खुर्चीवर आणून बसविलेली सर्वांत वडील आजी. तिला दिसतें कमी, ऐकूं येतें त्याहूनही कमी. तरी एखादें मूल तिच्यापुढें उभें केलें कीं त्याची हनुवटी चांचपून ती सांगते, ‘हा धाकट्याच्या घरचा. हें नाक त्याच्या आजाचें.’ मूल लाजतें, आई आनंदते, आणि फितीचा रंग पाहिला तर आजीचें म्हणणें बरोबर निघतें.

ज्यांस मेळाव्याचें अंतरंग पाहावयाचें असेल त्यांनीं मांडवाच्या मागल्या अंगास जावें. तेथें फुगे तळावयाचें काम पहांटेपासून चाललेलें असतें. पीठ आदल्या रात्रीं भिजविलेलें. पूर्वीं तें ताडीनें आंबवीत, आतां यीस्ट घालितात, आणि ‘ताडीची चव कांहीं न्यारीच’ असें प्रत्येक घाण्यामागें कोणी तरी म्हणतेंच. दुसऱ्या चुलीवर इंद्याल. इंद्यालांत सिरका किती घालावा ह्यावर नणंद आणि भावजय यांचें एकमत झालेलें आम्हीं अद्यापि ऐकिलें नाहीं. दोघीही एकाच बाईच्या हाताखालीं शिकल्या. एकीची ती आई, दुसरीची सासू. आणि दोघीही शपथेवर सांगतात कीं ती असेंच करीत असे. ती बाई स्वर्गवासी होऊन वीस वर्षें झालीं, तरी त्या पातेल्यापाशीं मुख्य अधिकार तिचाच चालतो.

पुढें संगीतखुर्ची होते, लिंबू-चमचा होतो, हाउझी होते. एक काका असे असतात कीं ज्यांच्या हातीं ध्वनिक्षेपक गेला कीं तो परत मिळत नाहीं. त्यांचें भाषण ‘दोनच शब्द’ म्हणून सुरू होतें. (आम्हीं आज चार शब्द म्हटले आहेत, तेव्हां चालकांनीं काय तें समजावें.) मग समाईक छायाचित्र. छायाचित्रकार खुर्चीवर चढून ओरडत असतो, मुलें पुढें बसतात, उंच माणसें मागें जातात, आणि ज्या बायकांनीं पहांटेपासून फुगे तळले त्या पदरास हात पुशीत येईपर्यंत छायाचित्र निघून गेलेलें असतें. हें आम्हीं एकदां नव्हे, तीन निरनिराळ्या घराण्यांत पाहिलें. भिंतीवर लाविलेल्या त्या मोठ्या छायाचित्रांत सर्व घराणें आहे असें खालीं लिहिलेलें असतें. स्वयंपाक कोणीं केला तें मात्र त्यांत नाहीं.

लहान मुलांची एक निराळीच अडचण असते. कोणास काय म्हणावें तें त्यांस कळत नाहीं. आपल्या भाषेंत बापाचा भाऊ काका, आईचा भाऊ मामा, बापाची बहीण आत्या, आईची बहीण मावशी. प्रत्येक नात्यास त्याचें स्वतःचें नांव आहे, आणि त्या नांवांत त्या माणसाकडे जाण्याची वाटही सांगितलेली आहे. आतां सर्व पुरुष ‘अंकल’ आणि सर्व बायका ‘आंटी’. म्हणण्यास सोपें खरें. पण त्यावरून मार्ग कळत नाहीं. तुम्हांस ही भाषेची चैन वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं, कारण नात्याची वाट मोजणें हा आमच्या कामाचाच एक भाग आहे.

त्याचें असें झालें. एका मेळाव्यानंतर पंधरा दिवसांनीं एक माउली धांवत आमच्याकडे आली. तिचा मुलगा आणि दुसऱ्या शाखेंतली एक मुलगी यांची मेळाव्यांत ओळख झाली होती, आणि ती ओळख आतां ओळखीपुरती राहिली नव्हती. ‘फादर, हीं भावंडें नव्हेत काय?’ आम्हीं कागद घेतला आणि मोजलें. मुलाचा आजा आणि मुलीचा आजा हे सख्खे भाऊ. म्हणजे त्यांचे बाप चुलतभाऊ. सन १२१५ च्या लॅटरन परिषदेपूर्वीं ख्रिस्तसभेंत नात्याच्या सातव्या पायरीपर्यंत विवाहास अडथळा असे. त्या परिषदेनें तो चौथ्या पायरीवर आणिला. १९१७ च्या धर्मसंहितेनें तिसऱ्यावर. म्हणजे ह्या दोघांस १९१७ च्या नियमानें सूट मागावी लागली असती. १९८३ च्या संहितेनें अडथळा सख्ख्या चुलत-आतेभावंडांपर्यंतच ठेविला आहे. तेव्हां कायद्यानें मार्ग मोकळा आहे, असें आम्हीं सांगितलें. माउलीचें समाधान झालें नाहीं. ‘कायद्याचें ठीक आहे, फादर, पण एकाच आजीनें दोघांचीं नाकें ओळखिलीं!’ ह्यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. पुढें काय झालें तें त्या दोघांचें खाजगी आहे.

मेळाव्याचें दुसरें मोठें काम म्हणजे वंशावळ. कापडी फलकावर झाड काढितात, बुंध्याशीं मूळ पुरुष आणि फांद्यांवर आपण सर्व. आणि ह्या झाडासाठींच घराण्यांतले तरुण देवळाच्या कार्यालयांत येतात.

ते येतात ह्याचें कारण आपलीं आडनांवें. वसई पोर्तुगीजांच्या हातीं १५३४ सालीं गेली आणि मराठ्यांनीं ती १७३९ सालीं घेतली. ह्या दोनशें वर्षांत आपले पूर्वज ख्रिस्ती झाले आणि त्यांस पोर्तुगीज आडनांवें मिळालीं. लोपीस, परेरा, रॉड्रिग्ज, घोन्साल्विस, डिमेलो हीं आडनांवें रक्तावरून पडलेलीं नाहींत. बाप्तिस्म्याच्या वेळीं जो धर्मपिता उभा राहिला किंवा ज्या धर्मगुरूनें पाणी घातलें त्याचें आडनांव लागे. त्यामुळें एकाच आडनांवाचीं पन्नास घरें एकमेकांचीं कोणीही नसतील, आणि दोन भिन्न आडनांवांचीं घरें एकाच मूळ पुरुषाचीं असूं शकतील. म्हणूनच गांवांत आडनांव विचारून घर सांपडत नाहीं. घराचें टोपणनांव विचारावें लागतें, आणि तें नांव एखाद्या आंब्यावरून, विहिरीवरून किंवा पणज्याच्या एखाद्या खोडीवरून पडलेलें असतें. आडनांवाचा धागा हातांत धरून मागें गेलेला माणूस थोड्याच पिढ्यांत अंधारांत येतो. मग तो वहीकडे वळतो.

वह्यांची हकीकत तुम्हांस थोडक्यांत सांगितली पाहिजे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं असा नियम केला कीं प्रत्येक धर्मगुरूनें विवाहांची वही ठेवावी, आणि बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्मपिता व धर्ममाता कोण होते तेंही लिहून घ्यावें. १६१४ च्या रोमी विधिग्रंथांत ह्या वह्या कशा लिहाव्या त्याचे नमुने दिले, आणि घरवार माणसांची एक यादी ठेवावी असेंही सांगितलें. धर्मपित्याचें नांव लिहिण्याचें कारण असें कीं बाप्तिस्म्यानें नवें नातें जडतें असें ख्रिस्तसभा मानी, आणि त्या नात्यांतही विवाहास अडथळा असे. तो १९८३ पर्यंत चालू होता. बाळाचा बाप आणि धर्मपिता एकमेकांस पोर्तुगीज भाषेंत ‘कोंपाद्र’ म्हणत. आपल्यांतील सामवेदी ख्रिस्ती बंधूंस जें ‘कुपारी’ म्हणतात तें त्याच शब्दावरून आलें असें सांगतात. एक सबंध समाज एका नात्याच्या नांवानें ओळखिला जावा, ही गोष्ट आम्हांस फार गोड वाटते.

वहींत बाळाचें नांव असतें, बापाचें असतें, आणि आईचेंही असतें. मुलगा असो कीं मुलगी असो, ओळ सारखीच, शाई सारखीच. ज्या घरीं अन्न नव्हतें त्या घरच्या बाळास आणि पाटलाच्या घरच्या बाळास पान तेंच. धर्मगुरूचें अक्षर वाईट असेल, पण तें सर्वांसाठीं सारखेंच वाईट असतें.

आतां एक गोष्ट सांगतों. घराण्याचें नांव सांगणार नाहीं, आणि तुम्हीही तर्क करूं नये. चार तरुण आपली वंशावळ घेऊन आमच्याकडे आले. संगणकावर केलेलें सुंदर काम. पांच पिढ्या, प्रत्येक शाखेस रंग. बुंध्याशीं मूळ पुरुष आणि त्यास चार पुत्र. त्या पुरुषाची बाप्तिस्म्याची तारीख तेवढी त्यांस पाहिजे होती. ती सांपडली. परंतु वही उघडलीच होती, म्हणून आम्हीं पुढचीं पानेंही पाहिलीं, आणि त्या पुरुषाचीं मुलें मोजलीं. चार नव्हतीं. नऊ होतीं. पांच मुलगे आणि चार मुली. त्यांतील एक मुलगी दोन महिन्यांची असतां वारली, तें मृतांच्या वहींत निघालें.

प्रथम आम्हीं मुलींविषयीं विचारिलें. तरुण म्हणाले, ‘त्या लग्न होऊन गेल्या, फादर.’ जणूं काय लग्न होऊन गेलेली मुलगी जन्मलीच नव्हती! मग एक जण म्हणाला कीं बहिणींच्या शाखा घातल्या तर कागद पुरणार नाहीं. आम्हीं म्हटलें, कागद मोठा घ्या. तेव्हां त्यांतला जो सर्वांत मोठा होता त्यानें खरें कारण सांगितलें, आणि त्याच्या सरळपणाबद्दल आम्ही त्याचे आभार मानितों. तो म्हणाला, ‘उद्यां हा कागद घेऊन कोणी तलाठ्याकडे गेलें तर?’

बंधुभगिनींनो, येथें थोडें थांबूं. मांडवाच्या फुलांमागें जें असतें तें हें. आपल्या वाड्यांस एके काळीं केळीची आणि पानवेलीची किंमत होती. आज चौरस फुटाची आहे. सातबाऱ्यावर तीस-तीस चाळीस-चाळीस नांवें आहेत, आणि जीं असावयास पाहिजेत तीं कांहीं नाहींत. भारतीय वारसा कायदा १९२५ सालचा आहे. आपल्या येथील ख्रिस्ती मनुष्य मृत्युपत्र न करितां आणि मुलेंबाळें मागें ठेवून वारला, तर त्या कायद्याप्रमाणें विधवेस तिसरा हिस्सा आणि उरलेला मुलगे व मुली यांस सारखा. ह्यांत मुलगा आणि मुलगी असा भेद नाहीं. शंभर वर्षें नाहीं. तरी भावाच्या घरीं चहास बोलाविलेल्या बहिणीपुढें बशीबरोबर हक्कसोडपत्र ठेविलें जातें, आणि ती सही करिते. कित्येक जणी प्रेमानें करितात. त्यांस माहेर हवें असतें, जमीन नको असते. कित्येक जणी अशासाठीं करितात कीं सही न केली तर पुढल्या नाताळास बोलावणें येणार नाहीं, हें त्यांस ठाऊक असतें. पहिल्या सहीस आम्ही नांव ठेवीत नाहीं. दुसऱ्या सहीस दान म्हणतां येणार नाहीं. ती वसुली आहे.

आणि म्हणून वंशावळींतून मुलींचीं नांवें गळतात. मेळावा भरवावयाचा, पण झाड असें काढावयाचें कीं त्याच्या सावलींत फक्त वाटेकरी नसलेले बसावे, किंवा ज्यांचा वाटा आधींच ठरला आहे ते. हें झाड नव्हे, हें कुंपण झालें.

आतां पांचवा मुलगा. त्याचें नांव त्या चौघांपैकीं एकानेंही ऐकिलें नव्हतें. ते घरीं गेले आणि त्यांनीं आपल्या वडील आत्यास विचारिलें. आत्या पुष्कळ वेळ बोलली नाहीं. मग तिनें सांगितलें कीं तो तिचा काका. विहिरीच्या वाट्यावरून भावांशीं त्याचें बिनसलें, त्यानें आपला वाटा परक्यास विकला, आणि तो बायकोच्या गांवीं जाऊन राहिला. आजानें त्या दिवशीं जेवतांना सांगितलें कीं ह्या घरांत त्याचें नांव पुन्हां घेऊं नये. कोणींही घेतलें नाहीं. भावांच्या मुलांनीं घेतलें नाहीं, आणि त्यांच्या मुलांस घेण्यासारखें कांहीं उरलेंच नाहीं. ‘पण जपमाळेच्या शेवटीं मृतांसाठीं म्हणतों ना,’ आत्या म्हणाली, ‘तेव्हां मी मनांत घेतें.’ साठ वर्षें ती तें नांव मनांत घेत होती.

मेळाव्यास तीन आठवडे होते. चौघांपैकीं दोघे त्या गांवीं गेले. पांचव्याचा नातू सांपडला. रिक्षा चालवितो, भला माणूस आहे. त्यानें त्यांस बसविलें, पाणी दिलें, आणि पहिला प्रश्न विचारिला, ‘सही कशावर पाहिजे?’ नातेवाईक आले म्हणजे कागद घेऊनच येतात, ही त्याची समजूत. नुसतें जेवणास बोलावीत आहेत हें त्यास पटविण्यास अर्धा तास लागला.

तो आला. बायको आणि एक लहान मुलगी बरोबर. मांडवाच्या दारांत फिती वांटणाऱ्या मुलींपाशीं तांबडी होती, निळी होती, हिरवी होती, जांभळी होती. ह्याच्या शाखेस रंगच नव्हता. तेव्हां त्या मुलींपैकीं एकीनें मांडवाच्या खांबास गुंडाळलेल्या पिवळ्या कागदाचा तुकडा फाडिला आणि टांचणीनें त्याच्या सदऱ्यास लाविला. आत्यानें त्यास जवळ बोलाविलें. ती नाक पाहील असें आम्हांस वाटलें, पण तिनें नुसता त्याचा हात धरून ठेविला. तो जेवला, मागल्या रांगेंत बसून हाउझीचे दोन डाव खेळला, आणि छायाचित्राच्या आधीं निघून गेला. पुढल्या खेपेस येईल कीं नाहीं, आम्हांस ठाऊक नाहीं.

मुलींच्या शाखांचें इतकें सुरळीत झालें नाहीं. त्या वंशावळींत घेतल्या गेल्या. पण एका घरानें वर्गणी परत मागितली, आणि एक चुलतभाऊ मंडळांतून बाहेर पडला. मेळाव्यानें दावा मिटतो असें तुम्हांस कोणीं सांगितलें तर विश्वास ठेवूं नका. त्याच मांडवांत दोघे भाऊ असे होते कीं ज्यांची कोर्टाची तारीख पुढल्याच आठवड्यांत होती. एकानें दुसऱ्यास इंद्याल वाढिलें. दुसरा म्हणाला, ‘पुरे.’ एवढेंच बोलणें झालें. पुढल्या आठवड्यांत दोघेही आपापल्या वकिलाकडे गेले. तरी आम्हांस तें ‘पुरे’ महत्त्वाचें वाटतें. त्यापूर्वीं अकरा महिने दोघांत तेवढाही शब्द झाला नव्हता.

पवित्र शास्त्रांत पाहूं गेलों तर कुटुंबांचीं जीं चित्रें आहेत तीं आपल्या मांडवाहून फारशीं निराळीं नाहींत. संत मत्तयानें आपल्या शुभवर्तमानाच्या प्रारंभींच प्रभू येशूची वंशावळ दिली आहे. त्या काळीं वंशावळ बापाकडून मुलाकडे जाई, आणि मत्तयानेंही तशीच लिहिली. परंतु पवित्र मरियेपर्यंत येतां येतां त्यानें मध्येंच चार बायका घातल्या आहेत. तामार, राहाब, रूथ, आणि उरियाची पत्नी. कोणत्याही घराण्याच्या मंडळानें ह्या चौघींचीं नांवें एकमतानें गाळलीं असतीं. एकीची गोष्ट मुलांसमोर सांगण्यासारखी नाहीं, दुसरी वेश्या, तिसरी परक्या जातीची, आणि चौथीच्या नांवाबरोबर दावीद राजाचें पाप निघतें. लेखकानें तीं नांवें ठेविलीं. तारणाऱ्याच्या वंशावळींतच जर हें चालतें, तर आपल्या कापडी फलकाची काय कथा?

संत लूक सांगतो कीं बारा वर्षांचा येशू यरुशलेमांत मागें राहिला, आणि आईबाप एक दिवसाची वाट चालून गेले तरी त्यांस काळजी वाटली नाहीं. पोरगा नातेवाइकांत असेल असें ते धरून चालले होते. पवित्र मरियेसारखी आई, आणि ती दिवसभर निश्चिंत! त्या गोतावळ्यावर तिचा केवढा विश्वास असेल पाहा. आणि त्याच शुभवर्तमानांत उधळ्या पुत्राची कथा आहे. धाकट्याविषयीं आपण नेहमीं बोलतों. आम्हांस मेळाव्याच्या दिवशीं आठवतो तो थोरला. घरांत वाद्यें वाजत आहेत, जेवण शिजलें आहे, आणि हा शेतावरून येऊन अंगणांत उभा. चाकरास विचारितो, हें काय चाललें आहे? म्हणजे त्यास कोणीं निरोपही धाडला नव्हता. बाप जेवण टाकून बाहेर येतो आणि त्याची समजूत घालितो. तो आंत गेला कीं नाहीं, तें प्रभूनें सांगितलेलें नाहीं.

मेळाव्यांतील कांहीं गोष्टी आम्हांस आवडत नाहींत, त्या एका दमांत सांगून टाकितों. वर्गणीची यादी फलकावर लावूं नये. ज्यास पांचशें देणें जड जातें तो फलक पाहून घरीं परततो, आणि आपण म्हणतों कीं त्याचा स्वभावच तुटक. बंद पाकिटांत ज्यानें त्यानें द्यावें. देणगीदारांचा सत्कार आटोपता घ्यावा. बाटली मांडवाच्या मागें ठेविली म्हणजे ती देवास दिसत नाहीं असें नाहीं. आणि छायाचित्र जेवण वाढण्याच्या आधीं काढावें, चुलीपाशीं असलेल्यांस बोलावून, मग फुगे थंड झाले तरी चालतील.

आतां कामाचें. नाताळानंतरच्या रविवारीं पवित्र कुटुंबाचा सण येतो. हा सण पंधराव्या बेनेडिक्ट पोप महाराजांनीं १९२१ सालीं सर्व ख्रिस्तसभेस लावून दिला, आणि १९६९ पासून तो नाताळाच्या आठवड्यांत आला. परदेशीं गेलेलीं आपलीं मुलें त्याच दिवसांत घरीं असतात. ज्युबिली वर्षांत ज्या घराण्यांस मेळावा करावयाचा असेल त्यांनीं तो त्या सुमारास करावा, म्हणजे एका तिकिटांत दोन कामें होतील. वंशावळीसाठीं वह्या पाहावयाच्या असतील त्यांनीं दर शनिवारीं सायंकाळच्या मिस्सेनंतर कार्यालयांत यावें. येतांना आजाचें नांव आणा, आजीचें आणा, आणि आजीचें माहेरचें आडनांवही आणा. त्यावांचून आम्हांस पान सांपडत नाहीं. घरांत कोणी वृद्ध असेल तर त्यांस रिक्षांतून घेऊन या; फोनवर विचारून सांगूं असें म्हणूं नका, कारण कांहीं नांवें फोनवर निघत नाहींत. फोटो काढण्यास हरकत नाहीं. वह्या जुन्या झाल्या आहेत, कडा हात लावतांच तुटतात, तेव्हां पानें उलटण्याचें काम मात्र आमच्याकडे असूं द्यावें.

चालक घंटेकडे पाहूं लागले आहेत. इंद्याल तयार आहे असें कळतें. सिरक्याचा निर्णय कोणाच्या बाजूनें लागला तें ताटांत पडल्यावर समजेल.